चरबीचे निरोप : लठ्ठपणा, मधुमेह आणि मेदपेशींची संप्रेरके

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात विक्रीला आली आणि ‘हार्मोनचे इंजेक्शन’ हा विषय डॉक्टरांच्या दवाखान्यातून थेट घरगुती गप्पांत येऊन पोहोचला. त्याबरोबर एक गोंधळही आला. ही इंजेक्शने ज्या संप्रेरकांची नक्कल करतात, ती आतड्यांत तयार होतात. समाजमाध्यमांवरच्या जाहिराती मात्र त्यांच्याच जोडीला ‘लेप्टिन संतुलित करणारी’ पावडर आणि ‘फॅट हार्मोन’ ताळ्यावर आणणारा आहार विकत असतात. लेप्टिनचा आतड्यांशी संबंध नाही. ते चरबीतून स्रवते. चरबी स्वतः संप्रेरके तयार करते, ही गोष्टच अनेकांना नवी असते, त्यामुळे कशाने काय होते याचा पत्ता लागत नाही.

हा लेख चरबीच्या त्या संप्रेरकांविषयी आहे. ती समजून घेतली, की एरवी परस्परविरोधी वाटणाऱ्या काही गोष्टींचा उलगडा होऊ लागतो : सडपातळ दिसणाऱ्या माणसाला पस्तिशीतच मधुमेह का होतो, चांगला जाडजूड माणूस सगळ्या तपासण्यांत निर्दोष का निघतो, आणि कष्टाने उतरवलेले वजन वर्षभरात परत का येते.

चरबी करते तरी काय?

एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत जाणारा आणि तेथील कामकाज बदलणारा पदार्थ म्हणजे संप्रेरक, अर्थात हार्मोन. स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. आपल्या शरीरातील चरबी मेदपेशींमध्ये साठवलेली असते. या पेशी, त्यांच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या आणि रोगप्रतिकारक पेशी मिळून जी रचना होते तिला मेदऊती म्हणतात. खाल्लेल्या अन्नातून वाचलेली ऊर्जा येथे जमा होते आणि गरज पडेल तेव्हा परत निघते. हा साठा केवढा असतो? एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, असा ढोबळ हिशेब केला जातो. म्हणजे अंगात पंधरा किलो चरबी असलेल्या साध्या बांध्याच्या माणसाजवळही एक लाखाहून अधिक किलोकॅलरींची बेगमी असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक शास्त्रज्ञ मेदऊतीकडे गावातल्या धान्याच्या कोठारासारखे पाहत होते : चार भिंती, आत पोती, येणारे येते, जाणारे जाते. त्या कोठारात एक कोठावळाही बसलेला आहे आणि तो दिवसरात्र वाड्यावर निरोप पाठवत असतो, हे नंतर कळले. ‘साठा भरपूर आहे’, ‘साठा आटत चालला आहे’, ‘आत अजून जागा आहे’, ‘भिंतींना तडे गेले आहेत’, असे हे निरोप असतात. आज मेदऊतीतून स्रवणारे असे कित्येक पदार्थ माहीत आहेत. त्यांतील दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत : लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन.

जोडलेल्या उंदरांची गोष्ट

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ मध्ये उंदरांच्या एका वंशात विलक्षण लठ्ठ पिल्ले आढळली. ती सतत खात राहत आणि त्यांचे वजन साध्या उंदराच्या कितीतरी पट वाढे. या दोषाला ‘ओबी’ असे नाव मिळाले. पुढे १९६०च्या दशकात तशाच लठ्ठ, पण तीव्र मधुमेह असलेल्या उंदरांचा दुसरा वंश सापडला, तो ‘डीबी’. दोन्ही वंशांतले उंदीर दिसायला जवळपास सारखेच, पण दोष वेगवेगळ्या जनुकांत.

डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने शस्त्रक्रियेने दोन-दोन उंदरांच्या त्वचा एकमेकांना जोडल्या, म्हणजे एकाचे रक्त थोडे थोडे दुसऱ्यात जाऊ लागले. प्रयोग क्रूर वाटतो, आणि तो होताच. पण त्यातून निघालेला निष्कर्ष अत्यंत स्वच्छ होता. ओबी उंदीर साध्या उंदराला जोडला, तेव्हा ओबीचे खाणे कमी झाले आणि वजन उतरले. डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला, तेव्हा डीबीला काहीच झाले नाही. उलट साध्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी आणि ओबी एकमेकांना जोडले, तेव्हा ओबीचीही तीच गत झाली.

कोलमनने त्याचा अर्थ असा लावला : भूक थांबवणारा एक पदार्थ रक्तातून वाहतो. ओबी उंदराला तो तयारच करता येत नाही, पण बाहेरून मिळाला तर त्याला तो समजतो. डीबी उंदीर तो भरमसाट तयार करतो, परंतु त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. हा पदार्थ कोणता, आणि मुख्य म्हणजे तो येतो कोठून, याचे उत्तर मिळायला वीसहून अधिक वर्षे लागली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने डिसेंबर १९९४ मध्ये ओबी जनुक शोधल्याचे जाहीर केले. ते जनुक मेदपेशींत काम करत होते, आणि त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला लेप्टिन हे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी लेप्टिन ओळखणारा ग्राहक, म्हणजे पेशीवरील त्याचा निरोप घेणारा रेणू, सापडला. डीबी उंदरात तोच बिघडलेला होता. वीस वर्षांपूर्वी केवळ तर्काने काढलेला निष्कर्ष असा अक्षरशः खरा ठरण्याचे प्रसंग जीवशास्त्रात फार येत नाहीत. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० मध्ये या कामासाठी लास्कर पुरस्कार देण्यात आला.

माणसातही असेच घडते का?

घडते, पण फार क्वचित. इंग्लंडमधील केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ मध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन चुलत-आते भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच, कारण आई आणि वडील दोघांकडूनही त्यांना लेप्टिनच्या जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली होती. ही मुले जन्मतः साध्या वजनाची होती, परंतु त्यांची भूक कधीच भागत नसे.

त्या मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू केल्यावर वर्षभरात तिचे सुमारे १६ किलो वजन उतरले, आणि जे उतरले ते जवळपास सगळे चरबीचे होते. अशाच दोषाचा एक मुलगा तीन वर्षांचा असताना ४२ किलोचा होता. उपचारानंतर सात वर्षांचा झाला तेव्हा तो ३२ किलोचा होता. या मुलांना कोणी पथ्य शिकवले नव्हते. कोठारातून निरोप येऊ लागला, मेंदूने तो ऐकला आणि भूक आपोआप आवरली गेली. अतिखादाडपणा हा स्वभावाचा दोष आहे असे मानणाऱ्या कोणालाही ही दोन उदाहरणे विचार करायला लावतील.

मग लेप्टिनचे इंजेक्शन सर्वांनाच का देत नाहीत?

हा प्रश्न १९९५ मध्ये सर्वांनाच पडला होता. ॲमजेन या अमेरिकी औषध कंपनीने लेप्टिनच्या हक्कांसाठी तेव्हा दोन कोटी डॉलर मोजले. पण लवकरच अडचण समोर आली. १९९६ मध्ये लठ्ठ आणि साध्या वजनाच्या माणसांच्या रक्तातील लेप्टिन मोजले, तेव्हा लठ्ठ माणसांमध्ये ते कमी नव्हते. सरासरी चौपट होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेप्टिनची इंजेक्शने घेणाऱ्या लठ्ठ व्यक्तींचे वजन थोडेफार उतरले, कोणाचे बरे, कोणाचे अजिबात नाही, आणि औषध म्हणून ते पुढे टिकले नाही.

म्हणजे बहुतेक लठ्ठ माणसांची स्थिती ओबी उंदरासारखी नसते. कोठावळा ओरडून सांगत असतो की साठा भरपूर आहे. वाड्यावर मात्र त्याचा आवाज पोहोचत नाही किंवा पोहोचूनही कोणी दखल घेत नाही. याला लेप्टिन-रोध म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग भूक आणि ऊर्जेचा खर्च सांभाळतो. लेप्टिन सतत वाढलेले राहिले, की तेथील पेशींच्या आत निरोप पुढे नेणारी साखळी मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसते. शिवाय रक्तातून मेंदूत लेप्टिन शिरण्यालाही मर्यादा आहे. यातील कोणते कारण किती महत्त्वाचे, यावर मतभेद आहेत.

येथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लेप्टिन हे प्रथिन आहे. ते तोंडावाटे घेतले, तर डाळीतल्या प्रथिनाप्रमाणेच पोटात पचून जाते. तेव्हा ‘लेप्टिन’ नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पावडरींनी रक्तातील लेप्टिन वाढण्याचा प्रश्नच येत नाही. आणि वाढले असते तरी, वर सांगितल्याप्रमाणे, बहुतेकांना त्याचा उपयोग झाला नसता. या वस्तूंवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उतरलेले वजन परत का चढते?

लेप्टिनचे खरे काम समजून घेताना सुरुवातीला सगळ्यांचीच थोडी गफलत झाली होती. ‘पोट भरले, आता थांबा’ असे सांगणारे संप्रेरक म्हणून त्याची कीर्ती झाली. १९९६ नंतरच्या कामातून मात्र वेगळे चित्र पुढे आले : लेप्टिन वाढते तेव्हा मेंदू विशेष हालचाल करत नाही, ते कमी होते तेव्हा मात्र धावाधाव सुरू होते. उत्क्रांतीच्या दृष्टीने हे सयुक्तिक आहे, कारण आपल्या पूर्वजांना साठा जास्त होण्याने फार कमी वेळा मारले असेल. साठा संपण्याने मात्र पिढ्यानपिढ्या मारले.

खरी उपासमार सुरू झाली, की चरबी फारशी घटण्याआधीच, एक-दोन दिवसांत, लेप्टिन झपाट्याने उतरते. (साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ आणि शेंगदाण्याचे लाडू यांवर काढलेली एकादशी या व्याख्येत बसत नाही.) लेप्टिन उतरले, की भूक वाढते, थायरॉइडचा वेग मंदावतो, शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते, आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबू शकते. अतिश्रम करणाऱ्या कृश खेळाडू मुलींची पाळी बंद पडते, त्यामागचे एक प्रमुख कारण हेच आहे : साठा अपुरा असताना मूल पोसण्याचे धाडस शरीर करत नाही.

आता वजन उतरवणाऱ्या माणसाचा विचार करा. नव्वद किलोवरून ऐंशीवर आलेल्या माणसाजवळ अजूनही पुरेशी चरबी असते, परंतु त्याच्या मेंदूला लेप्टिनच्या जुन्या पातळीची सवय झालेली असते. त्यामुळे नवी पातळी त्याला दुष्काळासारखी भासते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार दिला आणि त्यानंतर वर्षभर त्यांची संप्रेरके तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्ष उलटल्यावरही लेप्टिन पूर्वीपेक्षा कमी होते, भूक वाढवणारे घ्रेलिन हे जठराचे संप्रेरक जास्त होते, आणि लोकांना भूकही अधिक लागत होती. न्यूयॉर्कमधील दुसऱ्या एका प्रयोगात वजन दहा टक्के उतरवलेल्या लोकांना थोडे लेप्टिन देऊन ते पूर्वीच्या पातळीला आणले, तेव्हा मंदावलेला ऊर्जाखर्च बराचसा पूर्ववत झाला. म्हणजे ज्या लेप्टिनने वजन उतरत नाही, तेच उतरलेले वजन टिकवायला उपयोगी पडू शकते, हे यातून सूचित झाले. त्यावर आधारित औषध मात्र बाजारात आलेले नाही.

नव्या इंजेक्शनांचे कामही या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतील औषध) आणि तिर्झेपाटाइड (मौंजारोतील औषध) ही औषधे भूक आवरणारा आतड्यांचा निरोप जोरदारपणे देतात, त्यामुळे लेप्टिन उतरूनही भूक दबलेली राहते. औषध थांबले, की तो निरोप थांबतो आणि दुष्काळाची हाकाटी शिल्लक राहते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. हे औषधाचे अपयश म्हणता येत नाही; उच्च रक्तदाबाची गोळी बंद केली तर दाबही परत चढतोच. परंतु ‘सहा महिने घ्या आणि मोकळे व्हा’ असे कोणी सांगत असेल, तर त्याने हा भाग सांगितलेला नाही.

दुसरा निरोप : ॲडिपोनेक्टिन

लेप्टिन भुकेशी जोडलेले आहे. मधुमेह, यकृतातील चरबी आणि हृदयविकार यांच्याशी अधिक जवळचे नाते असलेले संप्रेरक दुसरेच आहे. ॲडिपोनेक्टिन १९९५ आणि १९९६ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधले. रक्तात ते लेप्टिनच्या सुमारे हजारपट असते. त्याचे वागणे मात्र उलटे आहे : चरबी वाढते तसे ते घटते. ते स्नायूंना आणि यकृताला चरबी जाळायला प्रवृत्त करते, यकृतातून साखर बाहेर पडण्याला आळा घालते आणि पेशींना इन्सुलिनचे म्हणणे नीट ऐकू येईल असे करते. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या, की त्या स्थितीला इन्सुलिन-रोध म्हणतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

कोठाराच्या भाषेत ॲडिपोनेक्टिन म्हणजे ‘आत अजून जागा आहे, माल पाठवा’ हा निरोप. याचा सर्वांत बोलका पुरावा २००७ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेतून आला. लेप्टिन नसलेल्या ओबी उंदरांमध्ये जनुकीय बदल करून ॲडिपोनेक्टिन वाढवले. ते उंदीर आणखीच लठ्ठ झाले, पण त्यांच्या रक्तातील साखर मात्र सुधारली. सगळी वाढीव चरबी त्वचेखालच्या मेदऊतीत सुखरूप गेली होती. यकृतात ती साचली नव्हती. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे जुने औषध माणसात काहीसे असेच करते : वजन थोडे वाढते, ॲडिपोनेक्टिन वाढते, यकृतातील चरबी कमी होते आणि साखर आटोक्यात येते.

तरीही ॲडिपोनेक्टिनला सद्गुणांचा पुतळा ठरवण्याची घाई करू नये. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत ते जास्त आढळते आणि जास्त असणाऱ्यांची प्रकृती अनेकदा अधिक वाईट असते. ज्यांना जन्मतःच ते थोडे जास्त तयार करणारी जनुके मिळाली आहेत, त्यांना मधुमेह स्पष्टपणे कमी होतो, असे मोठ्या जनुकीय अभ्यासांत दिसलेले नाही. तेव्हा ते रोगाचे कारण कितपत आणि निव्वळ खूण कितपत, हा वाद जिवंत आहे.

कोठार फुटते तेव्हा

प्रौढ वयात मेदपेशींची संख्या साधारण स्थिर राहते. दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. वजन वाढते तेव्हा मुख्यतः आहेत त्या पेशी फुगतात. एका मर्यादेपलीकडे फुगलेल्या पेशीला रक्तपुरवठा आणि प्राणवायू पुरत नाही. काही पेशी मरतात, आणि त्यांचा निचरा करायला भक्षकपेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी तेथे गोळा होतात. लठ्ठपणात मेदऊतीत या पेशींची गर्दी होते, हे २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले. ताप नाही, वेदना नाही, पण मंद आचेवर चालू राहणारा दाह तेथे सुरू होतो. त्यातून टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे दाह वाढवणारे पदार्थ रक्तात येतात. टीएनएफ मेदऊतीत वाढते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, हे उंदरांत १९९३ मध्येच दिसले होते. रक्त गोठण्याकडे कल वाढवणारे आणि रक्तदाबाशी संबंधित असलेले पदार्थही मेदऊतीतून स्रवतात.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दाह हेच कारण असेल, तर दाहविरोधी औषधाने मधुमेह बरा व्हायला हवा. संधिवातात टीएनएफ रोखणारी औषधे वापरली जातात. ती लठ्ठ व्यक्तींना देऊन पाहिली, तेव्हा इन्सुलिनचे काम लक्षणीय सुधारले नाही. म्हणून दाह हा या साखळीतील एक दुवा आहे, सगळी साखळी नव्हे, असे मानणे जास्त योग्य ठरते.

अधिक महत्त्वाचे बहुधा हे आहे, की कोठारात जागा उरली नाही म्हणजे येणारा माल थांबत नाही. पोती माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरातही रचली जातात. शरीरात हे माजघर म्हणजे यकृत, स्नायू आणि स्वादुपिंड. यकृतात चरबी साचली, की ते इन्सुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर साखर सोडत राहते. स्वादुपिंडात साचली, की इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी थकतात.

या विचाराची कसोटी पाहायची, तर कोठारच नसलेल्या माणसाकडे पाहावे. लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आजारात मेदऊती जवळजवळ नसतेच. माणूस पीळदार, शिरा तटतटलेल्या अंगाचा दिसतो. ‘चरबी म्हणजे रोग’ हे समीकरण खरे असते, तर हे लोक सर्वांत निरोगी असायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांना तीव्र मधुमेह असतो, यकृत चरबीने भरलेले असते, रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी, भयंकर वाढलेले असतात, आणि लेप्टिन नसल्याने भूक अनावर असते. २००२ मध्ये अशा नऊ स्त्री-रुग्णांना चार महिने लेप्टिन दिले गेले. त्यांचे ट्रायग्लिसराइड सरासरी साठ टक्क्यांनी उतरले आणि साखरही लक्षणीय सुधारली. लठ्ठपणासाठी नापास झालेले लेप्टिन २०१४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले ते या आजारासाठी.

चरबी कापून काढली तर?

लायपोसक्शन, म्हणजे त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढणे, हा उपाय अनेकांच्या मनात असतो. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून प्रत्येकी सुमारे नऊ ते दहा किलो चरबी काढली गेली. दहा-बारा आठवड्यांनी तपासले, तर इन्सुलिनचे काम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, दाहाच्या खुणा यांपैकी काहीही बदललेले नव्हते. तेवढेच वजन खाणे कमी करून उतरवले असते, तर हे सगळे सुधारले असते. कारण आहार घटवला, की आधी माजघरातली पोती हलतात आणि उरलेल्या मेदपेशीही आकसतात. नळीने मात्र कोठाराची एक खोलीच पाडली जाते. सौंदर्यासाठी कोणी हे करून घेत असेल तर तो त्याचा प्रश्न. मधुमेहावरचा उपचार म्हणून त्याला आधार नाही.

पुण्याची बाळे

चरबीचे ठिकाण महत्त्वाचे, हा मुद्दा जगाला पटवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा, नेमका सारखा होता : २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघेही निरोगी वजनाचे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

ही तफावत प्रौढपणी तेलकट खाण्याने आली, असे म्हणून सुटता येत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातील बाळांची इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली गेली. पुण्याची बाळे सरासरी २.७ किलोची होती, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळ लहान म्हणजे त्याचे सगळेच लहान असावे. परंतु येथे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. २००२ मधील दुसऱ्या एका अभ्यासात पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्त तपासले, तेव्हा पुण्याच्या बाळांत ॲडिपोनेक्टिन कमी आणि वजनाच्या मानाने इन्सुलिन जास्त आढळले. कोठावळ्याचा निरोप जन्माच्या दिवशीच वेगळा होता.

गर्भातील पोषण, आईचे स्वतःचे बालपण, पिढ्यांचे कुपोषण आणि अनुवंश यांतील कशाचा वाटा किती, हा स्वतंत्र विषय आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे : आपल्याकडे अनेकांचे त्वचेखालचे कोठार लहान असते आणि ते लवकर भरते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते प्रत्येकाची चरबी साठवण्याची स्वतःची एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली की मधुमेह येतो. वजनाचा आकडा काय, हे दुय्यम. त्यांनी बीएमआय २७ पेक्षा कमी असलेल्या २० मधुमेहींना वजन उतरवायला सांगितले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात त्यांपैकी १४ जणांची साखर औषधांशिवाय मर्यादेत आली, आणि यकृत व स्वादुपिंडातील चरबी घटलेली दिसली. ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणणाऱ्या मराठी मधुमेहींनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ मधील राष्ट्रीय पाहणीत दिसले. भारतीयांसाठी बीएमआयची जोखमीची पातळी २५ ऐवजी २३ पासून आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ पासून का धरतात, हेही आता कळण्यासारखे आहे.

मग सगळे संप्रेरकांवरच ढकलायचे का?

नाही. लेप्टिनचे जनुक काही चाळीस वर्षांत बदललेले नाही. स्वस्त साखर, तळण, बैठे काम आणि अपुरी झोप हे बदलले आहे. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलेल्या बारा तरुणांत लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले, असे २००४ च्या एका लहान प्रयोगात दिसले होते. पण त्याच परिस्थितीत राहणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचे वजन वाढते आणि दुसऱ्याचे वाढत नाही, एकाला साठ किलोवर मधुमेह होतो आणि दुसऱ्याला शंभर किलोवरही होत नाही, याचे उत्तर निश्चयाच्या बळात शोधणे व्यर्थ आहे. लठ्ठ माणसाला लाज वाटायला लावून त्याच्या हायपोथॅलॅमसवर काही परिणाम होत नाही.

या संप्रेरकांची चाचणी करून घ्यावी का?

बहुतेकांनी करू नये. लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन मोजणाऱ्या चाचण्या काही खासगी प्रयोगशाळांत होतात, पण निकाल काहीही आला तरी उपचार बदलत नाही. त्यापेक्षा शिंप्याकडची टेप अधिक माहिती देते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडलेला असताना पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर उपाशीपोटीची साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि यकृताची स्थिती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, मग बीएमआय काहीही असो.

याला एक अपवाद आहे. जन्मतः साध्या वजनाचे असलेले मूल पहिल्या काही महिन्यांपासूनच झपाट्याने लठ्ठ होत असेल, त्याची भूक कशानेच शमत नसेल आणि अन्न दिसले नाही की ते बेभान होत असेल, तर ‘गुटगुटीत आहे, मोठे झाले की रोडावेल’ म्हणून वाट पाहू नये. आईवडील एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतील, तर शंका अधिक घ्यावी. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची प्रथा आजही आहे, आणि दोन्हीकडून एकच बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते. या मुलांचे लेप्टिन बालरोगतज्ज्ञाने किंवा संप्रेरकतज्ज्ञाने तपासायला हवे, कारण ते नसल्याचे निघाले, तर उपचार खरोखरच लेप्टिनचे इंजेक्शन हा आहे.